मारलं तर पाच हजार, बोललात तर अडीच लाख: आईस हॉकीच्या शिक्षांवर तुमचे प्रश्न

यावेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, एनएचएलमध्ये म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या प्रोफेशनल आईस हॉकी लीगमध्ये धसमुसळ्या खेळासाठी जी सस्पेन्शन देतात ती न्याय्य आहेत का. काही प्रश्न थोडे कापलेत, शिव्या काढून टाकल्यात.

प्रश्न (मिसिसागाहून): राफी टॉरसला २०१५ मध्ये ४१ मॅच बसवलं. टॉम विल्सनने २०२१ मध्ये एकाच संध्याकाळी दोघांना झोडपलं आणि त्याला फक्त ५,००० डॉलर दंड. हे लोक चिठ्ठ्या टाकतात का?

चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर लोक एवढे चिडले तरी नसते. आधी पद्धत सांगतो. लीगचं प्लेयर सेफ्टी नावाचं खातं आहे, २०११ ला सुरू झालं, पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनहन, २०१७ पासून जॉर्ज पॅरॉस. हे लोक हिटचे (म्हणजे अंगाने दिलेल्या धडकेचे) व्हिडिओ सगळ्या अँगलने बघतात, पाच मॅचपर्यंतची शिक्षा असेल तर फोनवर सुनावणी, सहा किंवा जास्त द्यायची असेल तर खेळाडूला समोर येऊन बोलायची संधी द्यावी लागते, आणि निकाल लागला की कारणांसकट व्हिडिओ टाकतात. हे शेवटचं शॅनहनने सुरू केलं आणि त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी मार्क, कारण त्याआधी नुसता आकडा यायचा.

आता टॉरस. त्याने प्रीसीझनमध्ये याकोब सिल्फव्हरबर्गच्या डोक्याला हिट केली, पण ४१ काही त्या एका हिटचे नाहीत. २०१२ मध्ये मेरियन होसाला मारल्याबद्दल त्याला २५ मिळाल्या होत्या (अपिलात २१ झाल्या), त्याआधीच्याही होत्या, म्हणजे हा सगळा जुना हिशेब धरून आलेला आकडा.

वॉशिंग्टनच्या विल्सनचंही रेकॉर्ड काही कोरं नव्हतं, त्याच सीझनच्या मार्चमध्ये ब्रँडन कार्लोला बोर्डवर (बर्फाच्या कडेच्या भिंतीवर) आपटल्याबद्दल ७ मॅच बसून झाला होता. आणि मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये बर्फावर पालथ्या पडलेल्या बुचनेविचला गुद्दा, मग मधे पडलेल्या, डोक्यावर हेल्मेट नसलेल्या पॅनारिनला उचलून खाली आपटलं. दंड झाला तो बुचनेविचच्या गुद्द्याचा, पॅनारिनबद्दल काहीच नाही, आणि पॅनारिन सीझनच्या उरलेल्या मॅच खेळलाच नाही. ५,००० ही लीग आणि खेळाडूंच्या तेव्हाच्या करारानुसार जास्तीत जास्त रक्कम होती. वर्षाला सरासरी ५० लाख डॉलरच्या वर कमावणारा माणूस, त्याला ५,००० म्हणजे चहापाण्याचा खर्च. खरी गोम इथे आहे. दंडाच्या वरची पुढची पायरी थेट एक मॅच, मधे काहीच नाही, त्यामुळे खात्याने "मॅचएवढं नाही" असं ठरवलं की शिक्षा जवळपास शून्यावरच येते.

बुचनेविच-पॅनारिनच्या न्यूयॉर्क रेंजर्स टीमने चिडून पत्रक काढलं की पॅरॉस या पदाला लायक नाही. लीगने टीमला दंड केला २,५०,००० डॉलर. मारण्याच्या पन्नासपट! दोन दिवसांनी त्याच दोन टीम परत समोरासमोर आल्या तेव्हा पक (खेळायची रबरी चकती) पडल्या पडल्या मारामारी, पहिल्या पाच मिनिटांत सहा. आणि त्या मॅचमध्ये सस्पेंड कोण झाला तर बुचनेविच, वॉशिंग्टनच्या अँथनी मँथाच्या तोंडावर स्टिक मारली म्हणून एक मॅच. तो निर्णय स्वतंत्रपणे बघितला तर बरोबरच होता, पण पब्लिकला तो कसा पटणार.

प्रश्न (पुण्याहून): ग्लोव्ह्ज टाकून ठोसे मारले तर पाच मिनिटं बसायचं आणि परत खेळायला, आणि खांदा मारला तर चार मॅच बाहेर? हे उलटं नाही का?

बाहेरून उलटंच दिसतं. फाइट दोघांच्या मर्जीने होते, दोघांना माहीत असतं काय येतंय, म्हणून मेजर पेनल्टी पाच मिनिटं. हिट खाणाऱ्याला बऱ्याचदा कळतही नाही की कोणी येतंय. हा फरक मला मान्य आहे. "फाइटमुळे घाणेरड्या हिट कमी होतात, खेळाडू आपलं आपणच बघून घेतात" हे जे सांगतात ते मात्र मान्य नाही, खालचं स्टीव्ह मूरचं वाचा.

प्रश्न (एडमंटनहून): मोठ्या नावांना सूट मिळते का?

पूर्वी मिळायची असं माझं मत, आता कमी. तुमच्याच मॅकडेव्हिडला जानेवारी २०२५ मध्ये कॉनर गार्लंडच्या तोंडावर क्रॉस-चेक (दोन्ही हातांत धरलेल्या स्टिकने मारणं) केल्याबद्दल ३ मॅच मिळाल्या की, आणि त्याच मॅचमध्ये व्हँकुव्हरच्या टायलर मायर्सला तसल्याच गोष्टीसाठी ३. जगातला सगळ्यात भारी खेळाडू आणि एक साधा डिफेन्समन, दोघांना एकच आकडा, याला सूट कशी म्हणणार.

पण पैशाचं गणित बघा, ते कोणी बघत नाही. जो रिपीट ऑफेंडर (म्हणजे अलीकडेच शिक्षा झालेला) नाही त्याचा पगार सीझनच्या दिवसांनी भागून कापतात, म्हणून मॅकडेव्हिडचे तीन मॅचचे गेले १,९५,३१२ डॉलर. तोच जर रिपीट ऑफेंडर असता तर पगार ८२ मॅचनी भागला असता आणि साडेचार लाखांच्या वर गेले असते. हा रिपीटचा शिक्का १८ महिन्यांनी पुसला जातो, निदान पैशापुरता तरी, शिक्षा किती द्यायची हे ठरवताना जुनं काढू शकतात. मला ही सोय आवडत नाही, १८ महिने सांभाळून खेळायचं आणि मग परत स्वस्तात मारायचं असा त्याचा अर्थ होतो. (कापलेले पैसे गरजू खेळाडूंच्या मदत फंडात जातात, मालकाच्या खिशात नाही, तेवढं बरं.)

मोठं नाव सुटलं याचं ठळक उदाहरण हवं तर २०१२ चं. प्लेऑफची पहिलीच मॅच, शेवटचे काही सेकंद, नॅशव्हिलचा कॅप्टन शे वेबर डेट्रॉइटच्या झेटरबर्गचं डोकं हाताने धरून काचेवर आपटतो. दंड २,५०० डॉलर, तेव्हाची कमाल. कारण काय तर झेटरबर्गला काही झालं नाही.

प्रश्न (नागपूरहून): समोरच्याला लागलं तरच शिक्षा वाढते, नाही लागलं तर सुटका. मग शिक्षा कृत्याची की नशिबाची?

या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न. खेळाडू आणि लीगच्या करारातच लिहिलंय की शिक्षा ठरवताना काय काय बघायचं: कृत्य कसं होतं, दुखापत झाली का, आधीचं रेकॉर्ड, मॅचची परिस्थिती (म्हणजे हरणारी टीम शेवटी सूड उगवत होती का), असं. खातं म्हणतं की कृत्य शिक्षेच्या लायकीचं आहे का हे आधी ठरतं आणि दुखापत नंतर मोजतात. कागदावर ठीक आहे. वेबरच्या केसमध्ये उलटं झालं.

आणि याची दुसरी बाजूपण आहे, आयुष्यभराची दुखापत होते आणि शिक्षा शून्य. मार्च २०१० मध्ये मॅट कुकने मार्क सावार्डला आंधळ्या बाजूने येऊन डोक्यात खांदा घातला, सावार्ड स्ट्रेचरवरून गेला, आणि कुकला एकही मॅच नाही कारण तेव्हा नियमात खांद्याने डोक्याला मारणं बसतच नव्हतं आणि काही महिन्यांपूर्वी माइक रिचर्ड्सने डेव्हिड बूथला तसंच मारलं होतं तेव्हाही सोडलं होतं. बघा, हीसुद्धा कन्सिस्टन्सीच! दोघांनाही सारखंच सोडलं. त्याच महिन्यात घाईघाईत नियम आला, तोच पुढे रूल ४८. सावार्ड परत आला, जानेवारी २०११ मध्ये आणखी एक कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला झालेली इजा), आणि करिअर संपलं.

आता मला जे खरंच खुपतं ते. सुनावणीला कोण असतं? लीगचे लोक, मारणारा खेळाडू, त्याच्या टीमचा मॅनेजर, आणि त्याची बाजू मांडायला खेळाडूंची युनियन. मार खाल्लेला खेळाडूही त्याच युनियनचा मेंबर आहे, वर्गणी तोही भरतो, पण तिथे त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, त्याचा तिथे फक्त मेडिकल रिपोर्ट पोचतो. शिक्षा झालेला अपील करू शकतो, आधी कमिशनर गॅरी बेटमन आणि सहा किंवा जास्त मॅच असतील तर पुढे तटस्थ लवाद. मार खाल्लेल्याला शिक्षा कमी वाटली तर दाद मागायला जागा नाही. सगळे आकड्यावर भांडतात, ४ हव्या होत्या की ६, पण आकडा जिथे ठरतो तिथे एकच बाजू बसलेली असते त्याचं काय?

अपिलाचं वजनही एकाच पारड्यात पडतं. २०१८ मध्ये विल्सनला (हो, तोच) ऑस्कर सुंडक्विस्टला मारल्याबद्दल २० मॅच मिळाल्या, बेटमनने कायम केल्या, मग श्याम दास नावाच्या लवादाने १४ केल्या. तोपर्यंत तो १६ बसून झाला होता. पैसे परत मिळाले ३,७८,०४९ डॉलर, दोन मॅच कोण परत देणार. २०१६ मध्ये डेनिस वाइडमनने लाइन्समन (बर्फावरचा एक पंच) डॉन हेंडरसनला मागून पाडलं, २० मॅच, लवाद जेम्स ओल्डहॅमने १० केल्या तेव्हा त्याच्या १९ झालेल्या. लीगने मग काय केलं, ओल्डहॅमलाच काढलं. हेंडरसन पुन्हा कधी लाइन्समन म्हणून उतरू शकला नाही.

प्रश्न (न्यू जर्सीहून): रस्त्यावर कोणाचं मानेचं हाड मोडलं तर जेल. बर्फावर का नाही?

केस होतात, क्वचित. मार्टी मॅकसॉर्लीने फेब्रुवारी २००० मध्ये डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यात स्टिक घातली, मॅच संपायला तीनेक सेकंद उरले असताना, व्हँकुव्हरच्या कोर्टाने शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी धरलं पण जेल नाही. लीगने एक वर्ष बाहेर ठेवलं, आणि तो पुन्हा एनएचएल खेळला नाही.

स्टीव्ह मूरची गोष्ट जास्त कडू आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने व्हँकुव्हरचा कॅप्टन नासलंडला हिट केली, ना पेनल्टी ना सस्पेन्शन, व्हँकुव्हरवाले खदखदत राहिले. ८ मार्चच्या मॅचमध्ये मूरने आधी एक फाइट केलीसुद्धा, म्हणजे खेळाडूंच्या त्या "आपणच बघून घेऊ" कायद्याने हिशेब मिटला होता, तरी तिसऱ्या पिरियडमध्ये टॉड बर्टुझीने मागून जर्सी धरून ठोसा मारला आणि त्याच्या अंगावर पडला. मानेचे तीन मणके मोडले, मूर परत कधीच खेळला नाही. बर्टुझीने गुन्हा कबूल केला, एक वर्ष प्रोबेशन, ८० तास समाजसेवा. सस्पेन्शन म्हणाल तर १७ महिने वाटतं, पण मधला २००४-०५ चा अख्खा सीझन लॉकआउटमध्ये (मालक-खेळाडूंच्या वादात लीग बंद) गेला, एनएचएलच्या मॅच प्रत्यक्षात बुडाल्या २०. २००६ च्या ऑलिम्पिकला तो कॅनडाच्या टीममध्ये होता. मूरचा दिवाणी दावा मिटायला २०१४ उजाडलं.

प्रश्न (कोल्हापूरहून): आपल्या अमित रोहिदासला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सेमीफायनलला बसवलं तो अन्याय नव्हता का?

ती फील्ड हॉकी, नियम पूर्ण वेगळे. तिथे हिरवं कार्ड दोन मिनिटं, पिवळं किमान पाच, आणि लाल म्हणजे खेळाडू बाहेर आणि टीम उरलेली मॅच एक माणूस कमी घेऊन. ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला स्टिक विल कॅल्ननच्या तोंडाला लागली, व्हिडिओ बघून लाल, आणि वर सेमीफायनलची बंदी. मुद्दाम मारली असं मला अजूनही दिसत नाही, लाल जास्त झालं. हॉकी इंडियाचं अपील फेटाळलं आणि जर्मनीविरुद्ध आपण २-३ हरलो, पेनल्टी कॉर्नरला पहिला धावून जाणारा रोहिदास नव्हता ते जाणवलं. पण एक सांगतो, निर्णय दोन दिवसांत लागला आणि शिक्षा मैदानावरच टीमला भोगावी लागली. एनएचएलमध्ये मॅच पेनल्टी (खेळाडू त्या मॅचमधून बाहेर) मिळाली तरी पाच मिनिटांनी टीम परत पूर्ण होते.

प्रश्न (ब्रॅम्प्टनहून): मुलगा ११ वर्षांचा आहे, हॉकी चालू ठेवू का बंद करू? हे सगळं वाचून बायको नको म्हणते.

वहिनींना सांगा की त्याच्या वयाला बॉडी चेकिंग (अंगाने धडक देऊन अडवणं) नाहीच. हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये ११-१२ च्या गटातून ते काढून टाकलं, आता यू-१५ पासून सुरू होतं, आणि तिथेही हाउस लीगमध्ये (सगळ्यांसाठी खुली, हौशी) सहसा नसतं, रेप टीमला (निवडून घेतलेली, स्पर्धात्मक) असतं. म्हणजे तुमच्याकडे अजून दोन वर्षं आहेत. क्लबला आत्ताच दोन गोष्टी विचारून ठेवा, यू-१५ ला चेकिंग नसलेली टीम असते का, आणि डोक्याला लागलं तर परत खेळायला डॉक्टरचं पत्र मागतात का. दुसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं तर क्लब बदला.