आजी, रांगते बाळ आणि मांजर

प्रश्न : आमच्या दोन खोल्यांच्या घरात ७८ वर्षांच्या सासूबाई, नुकताच रांगू लागलेला मुलगा आणि एक मांजर आहे. घर सुरक्षित करण्याची सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंच्या औषधांच्या डब्यापासून करावी. उशाशी ठेवलेल्या पाकिटातून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची एखादी गोळी खाली पडली, तर ती रांगणाऱ्या बाळालाच आधी सापडते, आणि तेवढी एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. पॅरासिटामॉल तर मांजराला अल्प मात्रेतही घातक असते. डबा कुलपात ठेवावा. किल्ली मात्र सासूबाईंकडेच असू द्यावी, म्हणजे त्यांना परावलंबी वाटणार नाही.

लहान रिमोटमधील बटणासारखा चपटा सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच गंभीर इजा करू शकतो, म्हणून तो गिळल्याची नुसती शंका आली तरी रुग्णालय गाठावे. कपाटातील डांबराच्या गोळ्या बाळाला आणि मांजरालाही विषारी असतात. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल भरण्याची आपल्याकडची सवय सोडावी. बाळाच्या पोटात ते गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

न्हाणीघरात टॉवेलची दांडी शरीराचा भार पेलत नाही. भिंतीत पक्का बसवलेला आधारदांडाच हवा. रात्री मंद दिवा ठेवावा आणि मांजराच्या गळ्यात, अडकल्यास आपोआप सुटणाऱ्या पट्ट्याला, घुंगरू बांधावे, म्हणजे ते पायांत येण्यापूर्वी सासूबाईंना चाहूल लागेल.