वकील कोणाचा, हे आधी विचारा

प्रश्न : वडील वारले. सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची नावे लावायची आहेत. एजंट मोठी रक्कम मागतो. त्यापेक्षा वकील करावा का?

उत्तर : वारसांमध्ये वाद नसेल तर दोघांचीही गरज नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून तलाठी कार्यालयात किंवा सरकारच्या ‘ई-हक्क’ या ऑनलाइन प्रणालीवर वारसनोंदीचा अर्ज करा. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर करतात. लग्न झालेल्या बहिणीचे नाव मात्र गाळू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हक्क भावाइतकाच आहे. नाव दडवलेत तर ती हरकत घेईल आणि तेव्हा वकील करावाच लागेल.

प्रश्न : भाऊ म्हणतो, हक्कसोडपत्र तयार आहे, फक्त सहीला ये. मसुदा त्याच्याच वकिलांनी केलाय. मी वेगळा वकील केला तर त्याला वाईट वाटेल.

उत्तर : ताई, वाटू दे. ते वकील कितीही सज्जन असले तरी त्यांचा अशील तुमचा भाऊ आहे, तुम्ही नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवले गेले की नुसते मन बदलून ते मागे घेता येत नाही. फसवणूक झाली म्हणायचे तर दिवाणी न्यायालयात जा आणि ती सिद्धही तुम्हीच करा, अशी वेळ येते. म्हणून मसुदा आधी घरी मागवा. गट नंबर सातबाऱ्याशी ताडून पाहा. ‘व इतर सर्व मिळकती’ असे शब्द असतील तर तिथेच थांबा. घराचा हिस्सा सोडायला गेलेली बहीण त्या चार शब्दांत शेतीही सोडून येते. भाऊ पैसे देणार असेल तर आकडा दस्तातच हवा, तोंडी नको. तुमचा वकील मिळकतीच्या दस्तांची कामे नेहमी करणारा असावा, फी लेखी सांगणारा असावा. कागद न बघताच ‘काही अडचण नाही’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

प्रश्न : मी अमेरिकेत असतो. पुण्यातला फ्लॅट विकण्यासाठी मित्राला कुलमुखत्यार नेमू का, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी देऊ का?

उत्तर : नेमा, पण कुलमुखत्यारपत्रात अधिकार त्या एकाच फ्लॅटपुरते द्या आणि रक्कम थेट तुमच्या खात्यात जमा व्हावी असे त्यातच लिहा. भारतीय वकिलातीत (दूतावासात) साक्षांकित केलेले हे पत्र इथे पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मसुदा पुण्यातल्या वकिलाकडूनच करून घ्या, मात्र तो खरेदीदाराचा वकील नसावा.