सेकंडहँड ट्रकसाठी एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?
गाडी बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी) असेल आणि नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा), युरियाचा डोझिंग पंप (धूर साफ करायला युरियाचं द्रावण सोडणारा), इंजेक्टर, ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) हे सगळं वॉरंटीत लेखी धरलेलं असेल, तर जरूर घ्या. मोठा खर्च तिथेच निघतो. नुसत्या इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीपेक्षा तेवढे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. क्लच प्लेट, ब्रेक लायनर सहसा कशातच बसत नाहीत.

आधीच्या मालकाचं सर्व्हिस रेकॉर्ड सलग हवं. मधली एखादी सर्व्हिस चुकली किंवा ओव्हरलोड सिद्ध झाला, तरी क्लेम अडकतो. आरसी तुमच्या नावावर झाल्यावर वॉरंटी चालू राहते का, हेही लेखी घ्या.

त्याआधी इंजिन गरम करून आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू ठेवून, ऑइल फिलर कॅप (इंजिन ऑइल ओतायचं झाकण) उघडा. भकाभका धूर आला तर बहुधा इंजिनाच्या आतले रिंग-लायनर झिजलेत. जुना बिघाड वॉरंटीवाले भरत नाहीत, त्यामुळे ती गाडीच सोडा.