वाचकांचे प्रश्न : लेकरू आश्रमात सोडण्याआधी

प्रश्न : दीर वारले. जाऊ दिवसभर विड्या वळते. अकरा वर्षांचा पुतण्या शाळा बुडवून स्टेशनवर हिंडतो. पंढरपूरकडच्या एका आश्रमाचे महाराज म्हणतात, "आणून सोडा, फुकट सांभाळू." सोडावं का?
– एक भगिनी, विडी घरकुल, सोलापूर

ताई, परस्पर सोडू नका. महाराजांच्या मनात दया असेल, पण निराधार किंवा धोक्यातलं मूल ठेवणारी जागा मठ असो, मिशन असो की यतीमखाना, बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली तिची नोंदणी लागतेच. सरकारी अनुदान घेत नाही म्हणून सूट मिळत नाही. नोंदणीविना संस्था चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, किमान १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणी असली तरी मूल आत जातं ते बालकल्याण समितीच्या (अशा मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) आदेशानंच. हा आदेश नसेल आणि उद्या आश्रमानं मुलाला दुसऱ्या गावच्या शाखेत हलवलं, तर तुमच्या जावेच्या हातात दाखवायला कागद नसतो.

त्याआधी एक विचारतो : त्याला घर सोडायची खरंच गरज आहे का? आई आहे, कष्ट करते आहे. निव्वळ गरिबीपायी लेकराला आईपासून तोडू नये. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करा. वडिलांचा मृत्यू दाखला, आई-मुलाचं आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, रहिवासाचा पुरावा आणि बँक पासबुक जवळ ठेवा. अर्ज अडतो तो बहुतेकदा नावापाशी. आपल्याकडची तेलुगू आडनावं रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरी आणि मृत्यू दाखल्यावर तिसरीच लिहिलेली असतात. ती आधी एकसारखी करून घ्या. शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंत मुलगा कुणापाशी थांबणार, हेही ठरवा. स्टेशनचा नाद त्याच तासांत लागतो.

एवढं करूनही निभत नसेल तर आईनं स्वतः मुलाला घेऊन समितीपुढे जावं. चौकशी होऊन अंतिम आदेश चार महिन्यांत व्हायला हवा. कुणी सरेंडरचा कागद पुढे केला तर आईनं नीट वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये. तो मूल कायमचं सोडल्याचा कागद आहे. फेरविचाराला ६० दिवस मिळतात, नंतर मूल दत्तकासाठी मोकळं ठरू शकतं. "थोडे दिवस ठेवायचंय" म्हणणाऱ्या आईचा हा कागदच नव्हे.

प्रश्न : आमच्या ट्रस्टचा २० बाय ४० फुटांचा हॉल भक्तनिवासाला लागून आहे. तिथं २५ मुलांचं बालगृह काढता येईल?
– एक विश्वस्त, सोलापूर

२५ नाही, फार तर २०. झोपायच्या खोलीत मुलामागे ४० चौरस फूट धरतात आणि तुमचा हॉल ८०० चौरस फुटांचा आहे. सात मुलांमागे एक संडास, दहांमागे एक न्हाणीघर. म्हणजे वीसांना तीन आणि दोन. स्वयंपाकघर, अभ्यासाची जागा, आजारी मुलाची खोली आणि समुपदेशनाची खोली हॉलबाहेर काढावी लागेल. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा टाकीचा हिशेब आधी करा. माणशी १३५ लिटर धरले तर वीस मुलांना दिवसाला २,७०० लिटर, चार दिवसांना जवळजवळ ११,०००. टाकी लहान पडली की आधी आंघोळी बंद होतात, मग खरूज सगळ्या खोलीत फिरते.

आम्हाला खरी काळजी भक्तनिवासाची वाटते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तुमच्याकडे अनोळखी माणसं मुक्कामाला असणार. मुलांचं दार, जिना, संडास पूर्ण वेगळे हवेत. ते जमत नसेल तर बालगृह तिथं काढूच नका. दोन दिवस येऊन जाणारे सेवेकरी रात्री मुलांच्या खोलीत नकोत. काळजीवाहक पगारी, पोलीस पडताळणी झालेला आणि रात्रपाळीला न झोपता जागं राहणारा हवा. देणगीदारांच्या वाढदिवसाला मुलांचे चेहरे दिसणारे फोटो बाहेर टाकणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

प्रश्न : आमच्या संस्थेतली पंधरा वर्षांची मुलगी सायंप्रार्थनेला बसत नाही. प्रार्थना झाल्याशिवाय ताट नाही, असा नियम करावा का?
– एक काळजीवाहक ताई, सोलापूर जिल्हा

नको, ताई. जेवण अडवणं ही शिस्त नव्हे. कलम ७५ खाली ती क्रूरता ठरू शकते आणि संस्थेच्या कर्मचाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व ५ लाखांपर्यंत दंड आहे. आधी ती का बसत नाही ते बघा. दिवेलागणीला घराची आठवण सगळ्यात जास्त येते. अत्याचार सोसलेल्या मुलीला मंद दिवा, बंद दार आणि "डोळे मिटा" हे शब्द एकत्र आले की अंगावर काटा येतो. मागं कोण उभं आहे ते तिला दिसत नसतं. ट्यूबलाइट लावा, दार उघडं ठेवा, तिला दाराजवळ भिंतीला पाठ टेकून डोळे उघडे ठेवून बसू द्या. तरीही नको म्हणाली तर त्या वेळेला चपात्या लाटणं, वाचन, काहीही तिच्या आवडीचं द्या आणि त्याचा टोमणा नंतर मारू नका.

तिचा धर्म वेगळा असेल तर तो वैयक्तिक काळजी आराखड्यात लिहिलेला असावा. नाव बदलू नका, सण चुकवू नका. एकादशीला तुम्ही खुशाल उपवास करा, पण वाढत्या मुलींच्या ताटात वरण-भात-भाजी रोजच्यासारखी पडलीच पाहिजे. आणि तिनं कधी अत्याचाराचं काही सांगितलं, तर संस्थेचं नाव जाईल म्हणून थांबू नका. पोलिसांना किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर लगेच कळवा. पॉक्सो कायद्यात (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) न कळवणं हाही गुन्हा आहे.

प्रश्न : अठरा पूर्ण झाल्यावर मुलांनी जायचं कुठं?
– एक अधीक्षक

कलम ४६ खाली २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, सोय आहे, पण तयारी सोळाव्या वर्षी सुरू करा. आधार, जन्मदाखला, स्वतःचं बँक खातं, जातीचा दाखला हे सगळं हाताशी हवं. अनाथ मुलांचं अनाथ प्रमाणपत्र काढून ठेवा. राज्यात अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे आणि ते या कागदाशिवाय मिळत नाही. मूळ प्रती मुलाच्या हाती द्या, झेरॉक्स संस्थेनं ठेवावी. बरेच ठिकाणी नेमकं उलटं चालतं.