आईचं तोंड सतत कोरडं पडतं, डॉक्टर म्हणतात वयामुळे. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आई ६१ वर्षांच्या आहेत, वर्षभर तोंडाला कोरड पडतेय, रात्री तीन-चारदा उठून पाणी पितात, साखर तपासली तर व्यवस्थित निघाली आणि डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं. हे शेवटचं तेवढं मान्य करू नका. नुसत्या वयाने तोंड इतकं सुकत नाही. मलाही ४७व्या वर्षी हेच सांगितलं होतं आणि मी दोन वर्षं गप्प बसले.

मी शाळेत शिकवते. तासाला बोलता बोलता जीभ टाळ्याला चिकटायची. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरायचा, आमटीचा घोट घेतल्याशिवाय उतरायचा नाही. म्हणून पर्समध्ये खडीसाखर ठेवायला लागले. चघळली की पाच मिनिटं बरं वाटायचं. त्या दोन वर्षांत माझे चार दात हिरडीच्या कडेला किडले. तोवर एकही दात कधी दुखला नव्हता.

दातांच्या डॉक्टरांनी तपासायला छोटा आरसा आत घातला तर तो गालाला आतून चिकटला. सोडवून पुन्हा लावला, पुन्हा चिकटला. मग त्यांनी दातांचं सोडून विचारलं, "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का?" खुपत होतं, पण मला वाटायचं वह्या तपासून होत असेल. त्यांनी मला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे अश्रू किती येतात ते मोजायला खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवतात, ती ५ मिलिमीटरहून जास्त भिजायला हवी. माझी ३ वर थांबली. रक्ताच्या तपासणीनंतर निदान झालं, शोग्रेन सिंड्रोम. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं होतं. हा आजार झालेल्यांत बहुतेक बायकाच असतात, आणि तो बहुधा चाळिशीच्या पुढे होतो.

तुमच्या आईंना हेच असेल असं मी म्हणत नाही. कितीतरी जास्त वेळा कारण औषधांत सापडतं. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, लघवी आवरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन, रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी, या सगळ्यांनी तोंड सुकू शकतं. अशा दोन-तीन एकत्र चालू असल्या तर त्रास फार वाढतो. घरातल्या सगळ्या पट्ट्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. आपल्या मनाने एकही बंद करू नका. बदली गोळी किंवा कमी डोस बऱ्याचदा मिळतो. नाक चोंदून तोंडाने श्वास घेत झोपतात का, तेही बघा.

कारण सापडेपर्यंत दात सांभाळा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांची झीज भरून काढतात. पाण्याने तोंड ओलं होतं, पण हे काम पाणी करत नाही. म्हणून खडीसाखर, लिंबाच्या गोळ्या, आमसूल चघळणं आजच थांबवा. आंबट तोंडात आलं की लाळ सुटते खरी, पण जिथे लाळच कमी तिथे ते आम्ल दातावरच बसतं. त्याऐवजी झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगम चालतं. टूथपेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का ते वाचा, बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये नसतं. मिश्री लावत असतील तर ती सोडायला लावा. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवा.

रात्रीबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. झोपेत लाळ सगळ्यांचीच जवळजवळ थांबते, म्हणून आईंना रात्री जास्त होतं. उठल्यावर पेलाभर पाणी प्यायलं की पुन्हा लघवीला उठावं लागतं. उशाशी बाटली ठेवून एकच घोट तोंडात घोळवायला सांगा. कृत्रिम लाळेचा जेल किंवा स्प्रे मिळतो, झोपताना जिभेवर आणि गालांना आतून लावला की काही तास निभावतात. लाळ वाढवणारी पायलोकार्पिनची गोळीही आहे. मी ती घेते, घाम भरपूर येतो. काचबिंदूच्या काही प्रकारांत आणि आटोक्यात नसलेल्या दम्यात ती चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांशिवाय नको.

जीभ भाजल्यासारखी झाली, ओठांचे कोपरे चिरले किंवा पांढरे थर दिसले तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याचं औषध वेगळं असतं. कानापुढे गाल सुजला तर लगेच दाखवा.

आणि आज आईंना एक कोरडं बिस्किट पाण्याशिवाय खायला सांगून बघा. उतरत नसेल तर डॉक्टरांना "कोरड पडते" एवढंच सांगू नका. "पाण्याशिवाय बिस्किट गिळता येत नाही, डोळेही खुपतात," असं जे असेल ते नेमकं सांगा. कोरड पडते म्हटल्यावर मला पाणी जास्त प्या सांगून परत पाठवत होते. घास उतरत नाही, हे मी दोन वर्षांत एकदाही बोलले नव्हते.