शीर्षक नसलेल्या अमूर्त तैलचित्रासमोर गलबलून आलं, तर त्या चित्राचा अर्थ काय समजायचा?

तुम्ही लिहिलंय की सांगलीतल्या एका प्रदर्शनात मातकट आणि काळ्या रंगांचं मोठं तैलचित्र बघून तुम्हाला गलबलून आलं. खाली नुसतं ‘शीर्षकहीन’ लिहिलेलं. मग चित्रकाराला काय म्हणायचं होतं, आणि तुम्हाला वाटलं ते खरं की मनाचे खेळ, असं तुम्ही विचारताय.

वाटलं ते खरंच आहे. मी सांगलीतच राहतो, तैलरंगात काम करतो, आणि माझं ठाम मत आहे की अशा चित्राचा अर्थ रंगाच्या आड दडवून ठेवलेला नसतो. रंग ज्या रीतीने लावलाय त्यातच तो असतो.

औंधच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. तिथे कथा आपल्याला ठाऊक असते. चेहरा, नजर, हाताची ठेवण यांवरून भाव कळतो. अमूर्त चित्रात हा आधार काढून घेतलेला असतो. उरतो रंगाचा थर, त्याची जाडी, फटकाऱ्याचा वेग, कडा आणि रिकामी जागा.

आता तैलरंगाचा स्वभाव बघा. तो पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस लागतात, जाड थराला महिने, आणि पावसाळ्यात तर काम अडूनच राहतं. ओल्या थरावर ओला रंग ओढला की दोन्ही एकमेकांत जाऊन गढूळ होतात. खालचा थर वाळू दिला तर वरच्या रंगाची कड स्वच्छ सुटते. नाइफने, म्हणजे रंगकामाच्या बोथट सुरीने, खरवडलं की गाडलेला रंग पुन्हा वर येतो. म्हणजे चित्रकार कुठे घाईत होता, कुठे थांबला, काय पुसलं, कुठे हट्टाने पुन्हा तिथेच गेला, हे सगळं कॅनव्हासवर शिल्लक राहतं. आपण ते वाचतो, बऱ्याचदा नकळत.

म्हणून ‘मनात आलं आणि फेकला रंग’ हे मला पटत नाही. अमेरिकन अमूर्त चित्रकार फ्रान्झ क्लाइनचे काळे फटकारे एका दमात मारल्यासारखे दिसतात, पण तो अनेकदा आधी छोट्या कागदांवर आराखडे करायचा. आपल्याकडचे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि नाइफने थर चढवत, काढत. रंगवण्यापेक्षा विचारातच त्यांचा वेळ जास्त जाई, वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. बहुतेकांना शीर्षकही नाही. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोला तर रंगांच्या आपसातल्या नात्यापेक्षा माणसाच्या मूळ भावनांत रस होता, शोक, परमानंद, सर्वनाश यांत. त्याच्या चित्रांसमोर लोक रडत, आणि चित्र पोचल्याची ती खूण आहे असं तो मानायचा. तेव्हा गलबलून आलं याचा संकोच कशाला?

मात्र ‘ज्याला जे वाटेल तो अर्थ’ हेही मला मान्य नाही. 2019 च्या महापुरानंतर आपल्याकडे मातकट चित्र दिसलं की लोकांना कृष्णेचं पाणी आठवतं. माझ्या एका चित्रापुढे एक बाई बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, “पाणी उतरल्यावर आमच्या भिंती अशाच होत्या.” रंगवताना माझ्या मनात पूर नव्हता. पण आडवी खरवडलेली रेघ होती, तिच्याखाली जड, ओला दिसणारा तपकिरी थर होता, वर फिकट कोरडेपणा होता. भिंत त्यांच्या आठवणीतली. ओझं मात्र चित्रातच होतं. आठवण आणि ओझं यांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

तुमच्या चित्राचंही असंच तपासता येईल. प्रदर्शन चालू असेल तर परत जा. आधी लांबून बघा, मग हातभर अंतरावर या. नेमक्या कुठल्या जागी आत काहीतरी हलतं ते शोधा. तिथे रंग जाड आहे की घासलेला, कड तुटलीय की विरघळलीय, काळा मातकटावर बसलाय की त्याच्या खालून येतोय? एका बाजूने तिरकं बघितलंत तर थरांचे उंचवटे स्पष्ट दिसतील. भावना त्याच जागी पुन्हा जागी झाली तर ती चित्रातून आलीय असं खुशाल समजा.

चित्रकार भेटले तर ‘हे कशाचं चित्र?’ असं विचारू नका. कुठला थर आधी चढवला आणि कुठे खरवडून काढावं लागलं, ते विचारा. त्यावर ते भरभरून बोलतील.