काठ बदलू नकोस

चि. बाळ,
आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. मित्र पावसाळ्यात आंबोलीला जातात, दाजीपूरला जातात, सापा-बेडकांचे फोटो आणतात. तुला दुकानामुळं सुटी नाही आणि घरामागं नुसता ओढा, तोही घाण. तीन वेळा गेलास, तीन निरनिराळ्या ठिकाणी उभा राहिलास, काहीच दिसलं नाही. आता विचारतोयस की हा नाद सोडू का.

नाद सोडू नकोस, काठ बदलणं सोड. चूक तिथंच होते आहे. पावसानंतर ओढ्यात काय झालं हे कालचा ओढा ठाऊक असल्याशिवाय कळत नाही, आणि तू रोज नवा ओढा बघतोयस. वीस पावलांचा एकच काठ घे आणि पावसाळाभर तोच ठेव.

जागा निवडताना वळण शोध. ओढा वळतो तिथं बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर बसतो आणि काठ खालून पोखरला जातो. आतल्या अंगाला पाणी मंदावतं आणि गाळ टाकतं. तू कायम आतल्या अंगाला उभा राहायचं. आपली काळी माती भिजली की फुगते आणि जड होते. पाणी चढताना तेच पाणी काठाला टेकू देतं, ओसरलं की टेकू जातो आणि काठ ढासळतो. म्हणून पाऊस उघडल्यावरच जास्त जपायचं. काठाला समांतर भेग दिसली की तिच्या पलीकडं पाऊल नाही. पाठीमागं वर चढायला मोकळी वाट हवी. मोरीवर किंवा फरशी पुलावर उभं राहू नकोस, तिथं प्लास्टिक आणि फांद्या अडकून पाणी तुंबतं आणि एकदम सुटतं.

समोरच्या काठाला दगड रचून केलेल्या पिचिंगचे थर मोजून ठेव. आज किती थर पाण्याखाली आहेत, एवढं लिहिलं की पातळीची नोंद झाली.

पाऊस थांबल्या थांबल्या धावायचं नाही. शहरातला ओढा रस्त्यांचं, गच्च्यांचं पाणी घेतो, त्यामुळं तो भराभर चढतो आणि भराभर उतरतो. पहिल्या लोंढ्यात रस्त्यावरचं तेल, राख, कचरा सगळं येतं. वळवाचं पहिलं पाणी तर सगळ्यात वाईट, कारण सहा-सात महिन्यांची घाण एकदम धुऊन येते. दोन तास जाऊ दे, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला जा. तासभर थांब. पहिली वीस मिनिटं हलायचंही नाही. तू गेल्यावर उडालेलं पाखरू परत यायला तेवढा वेळ लागतो, आणि तू दहा मिनिटांत परत फिरत होतास.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. तुझा ओढा कोल्हापूरच्या जयंती नाल्याला मिळतो आणि जयंती पंचगंगा नदीला. धरणक्षेत्रात पाऊस लागला की पंचगंगा चढते, नाल्याचं पाणी पुढं जायला जागा राहत नाही आणि फुगवटा मागं सरकतो. शहरात ऊन पडलेलं असताना तुझ्या काठावर पाणी वाढू शकतं, तेही आवाज न करता. २०१९ आणि २०२१ ला हे सगळ्यांनी बघितलंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज सकाळी कळते, ती बघूनच घर सोड. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ३९ च्या जवळ पाणी आलं की काठ बंद, पाणी उतरेपर्यंत. त्या दिवसांत वहीत फक्त फूट लिहायचे.

आता बघायचं काय, ते सांगतो. आधी गाळ. पाणी ओसरल्यावर आतल्या अंगाला जो मऊ, ओला पट्टा राहतो, ते तुझं वर्तमानपत्र. मुंगसाचं पाऊल, बगळ्याची लांब बोटं, खेकड्याच्या बिळाभोवतीचा चिखलाचा गोळ्यागोळ्यांचा कठडा. ऊन चढलं की हे पुसट होतं, म्हणून सकाळ. झुडपांत अडकलेला पाला-चिंध्यांचा चोथा किती उंचावर आहे ते बघ, रात्री पाणी तिथवर आलं होतं.

पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला की लगेच नाक मुरडू नकोस. लांब काडी घे आणि तवंग मधोमध फोड. काचेसारखे कोनेदार तुकडे होऊन तसेच राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा, जवळपास तांबूस गाळही सापडेल. काडी काढताच तवंग फिरून एक झाला तर ते तेल, वर कुठंतरी गॅरेज नाहीतर रस्ता धुतला गेलाय. फेसाचंही तसंच. पिवळसर, मातकट फेस पाला कुजल्यानं होतो. पांढराशुभ्र फेस, साबणाचा वास आणि तोही पाऊस नसताना, म्हणजे घरांचं सांडपाणी. काठावर उघडणारे पाइपही मोज. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी जो वाहतो, त्यात पावसाचं पाणी नाही.

बेडकांसाठी आंबोली लागत नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर ओढ्याकाठच्या डबक्यात मोठ्या बेडकाचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. हा रंग थोडेच दिवस टिकतो. तू त्याच काठावर नसलास की गेला तो. काही दिवसांनी डबक्यात अंडी बघ. खरबरीत अंगाच्या भेकाची अंडी पारदर्शक दोरीत ओवलेल्या काळ्या मण्यांसारखी असतात, बेडकाची पुंजक्यानं नाहीतर पसरट थरानं. हात घालायचा नाही, बाटलीत भरून घरी न्यायची नाहीत.

आणि सुगरण. ओढ्यावर झुकलेली शिंदी किंवा बाभूळ तुझ्या वीस पावलांतून दिसत असेल तर दुसरं काही शोधू नकोस. घरटं विणतो तो नर. उसाच्या पात्याच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, कड चोचीत धरून उडतो, आणि पात्याची लांब चिरी सोलून निघते. पायानं एक टोक दाबून चोचीनं गाठ मारतो. घरटं अर्धं झालं, टोपीसारखं दिसायला लागलं की तो थांबतो. मादी येते, आत बसून बघते. पसंत पडलं तर पुढं अंड्यांची खोली आणि लांब नळी होते, नाही पडलं तर ती टोपी तशीच लोंबकळत राहते. याच टप्प्याला नर ओला चिखल आणून आतल्या भिंतीला लावतो. तो चिखल कुठून उचलतो, हे तुझ्याच काठावर बसून दिसेल. मोजायचं कसं? नळीची वेगळी, टोप्या वेगळ्या, दर आठवड्याला. एका आठवड्याच्या आकड्यात काही नसतं. सहा आठवड्यांचे आकडे त्याच झाडाचे असले की बोलायला लागतात. म्हणून पुन्हा सांगतो, काठ बदलू नकोस.

बाकी पाखरं ओघानं येतील. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढलेला असेल, पाणकोंबडी झुडपातून दिसण्याआधी ऐकू येईल. पंख आडवे पसरून बसतो तो चतुर, मिटून बसते ती टाचणी. नावासाठी फोन काढायची घाई नको. आधी तो जीव काय करत होता ते लिही, नाव घरी गेल्यावर शोध.

पायात गमबूट, चप्पल नाही. पायाला चीर, भेग, जखम असेल तर त्या दिवशी ओल्या गाळात उतरू नकोस, उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो तापाचा जंतू तिथूनच शिरतो. घरी आल्यावर साबणानं हातपाय धू. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ओढ्याचं आपणहून सांग. हातात काठी ठेव आणि पुढं टेकवत चाल. बिळांत पाणी शिरल्यानं साप बाहेर असतात, पिचिंगच्या फटीत हात घालायचा नाही. पाण्यात दिसणारा बहुतेक वेळा दिवड असतो, अंगावर चौकडी आणि डोळ्याखाली दोन काळ्या तिरक्या रेघा. विषारी नाही, पण चिडका. अंगावर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार असेल तर घोणस, मागं सरक. काहीही चावलं तर हालचाल कमी, दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, सरळ सीपीआर रुग्णालयात जायचं.

वही तारखांनी भरू नकोस, कंटाळशील. नक्षत्राप्रमाणं भर. मृग, आर्द्रा, तरणा (पुनर्वसू), म्हातारा (पुष्य), आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. नऊ नक्षत्रं, नऊ पानं, प्रत्येकाला तेरा-चौदा दिवस. प्रत्येक पानावर पाचच ओळी: पाण्याखालचे थर, गाळावरच्या खुणा, घरटी, आवाज, वाहते पाइप. मृगाच्या पानावर लाल मखमली किडा पहिल्यांदा कधी दिसला तेही लिही. त्याला आठ पाय असतात, मोजून बघ.

लोक म्हणतात, गटाराचं कसलं कौतुक करता. मला याचा आता राग येतो. घाणीचं कौतुक कुणीच करत नाही. पण ज्या काठावर कुणी उभंच राहत नाही तिथं काय होतं आणि काय गेलं हे सांगणार कोण? माझ्या कपाटात राधानगरीच्या, चांदोलीच्या वह्या आहेत. घराजवळच्या नाल्याची एकही नाही. टिटव्या किती होत्या, सुगरणीची झाडं कुठवर होती, असं आज कुणी विचारलं तर "पूर्वी पुष्कळ होत्या" एवढंच माझ्या तोंडून निघतं, आणि त्या वाक्याला काडीची किंमत नाही. राधानगरीला गेल्याचं मला वाईट वाटत नाही, तिथंही कुणीतरी जायला हवंच होतं. पण रविवारी तिकडं जाणाऱ्या माणसाला सोमवारी सकाळी इथं तासभर उभं राहणं जड नव्हतं. तुझं दुकान दहाला उघडतं. साडेसहा ते साडेसात तुझेच आहेत.

हस्त संपला की वही घेऊन ये. थंडीत येणारा पांढरा धोबी पक्षी तोवर गाळावर शेपटी हलवत फिरायला लागला असेल तर त्याची तारीख शेवटच्या पानावर लिहून आण.

तुझा,
काका